पुलाचं पाकीट

"बाई, कोसळलेल्या पुलाचं पाकीट काढा. मागच्या चिठ्ठीसकट."

ग्रंथपालांनी हे टेबलाकडे बघत सांगितलं. समोरच्या खुर्चीत करड्या कोटातला माणूस बसला होता. पुढ्यातल्या पाण्याला त्याने हात लावलेला नव्हता.

"घाई नाही," तो म्हणाला, "पण आजच हवंय. गेल्या आठवड्यात कुणीतरी त्या पुलावर बिननावाचा लेख छापलाय. असले जुने तपशील फक्त तुमच्याकडेच मिळतात म्हणे. मोठी कीर्ती आहे हो तुमची, बाई."

"लोकांचं काय, काहीही बोलतात."

"बाईंचा मुलगाही विद्यापीठाच्याच छापखान्यात आहे," ग्रंथपाल मध्येच म्हणाले. "कंत्राटावर."

हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

वृत्तपत्रविद्येच्या या ग्रंथालयात कात्रीबाई एकोणतीस वर्षं रोज अकरा दैनिकं कापत आल्या होत्या. बातमी कापायची, तारीख घालायची, विषय ठरवायचा, पाकिटात सरकवायची. अठरा हजार पाकिटं झाली होती आणि त्यातलं कुठलंही त्या दोन मिनिटांत काढून देत. कात्रीबाईंच्या कपाटात जगबुडीसुद्धा तारीखवार लावलेली असते, अशी विद्यार्थी थट्टा करत.

आज मात्र कपाटांमधल्या त्या अरुंद, थंड बोळात शिरताना आपलाच श्वास त्यांना कुणा परक्याचा वाटला.

पाकीट घरी न्यायला मनाई होती. वाचणाऱ्याने मागे डकवलेल्या चिठ्ठीवर नाव लिहायचं, इतकाच नियम. त्या नावापुढे बाई स्वतः पत्ता लिहीत, तोही शाईने, कारण पेन्सिल पुसली जाते. त्या विषयाचं नवं कात्रण आलं, की वाचकाला पोस्टकार्ड धाडायचं, ही सेवा त्यांनीच सुरू केलेली. नियमात कुठे नव्हती, त्यांची हौस.

चिठ्ठीवरचं शेवटचं नाव एका संशोधक मुलीचं होतं. बोलता बोलता केसांत पेन खोचून ठेवणाऱ्या, मग तेच पेन खोलीभर शोधणाऱ्या मुलीचं. पुढे बाईंचं सुवाच्य अक्षर: मुलींचं वसतिगृह, खोली एक्केचाळीस, पहारेकरी नसल्यास मागच्या दाराने जावे. हे पोस्टमनसाठी लिहिलेलं होतं.

त्यांनी पाकीट उघडलं. सगळ्यात वर चार ओळींचं कात्रण होतं. पुलाच्या चौकशीवर लिहिणारा वार्ताहर कामावरून घरी पोचलेला नाही. त्याला दोन वर्षं झाली होती. तो परत आल्याची बातमी कापायला मिळेल, म्हणून बाई रोज अकराही दैनिकांचे कोपरे न् कोपरे चाळत आल्या होत्या.

चिठ्ठी फाडली, तर उरलेला खळीचा ओरखडाच बोलला असता. पाकीट पर्समध्ये घालावं, तर दारात पर्स तपासली गेली असती. आणि तेव्हा, भीतीच्या तळाशी, एक साधी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. ग्रंथालयात काही नष्ट करावं लागत नाही. चुकीच्या जागी ठेवलं, की ते असूनही नसतं.

पण त्या स्वतःला ओळखून होत्या. कुणी दरडावून विचारलं असतं, तर त्यांनी जागा सांगितली असती. मुलाचं नाव घेतलं असतं, तर हाताला धरून दाखवली असती.

त्यांनी दिवा मालवला, डोळे मिटले. पावलं मोजली जाऊ नयेत म्हणून मनात एकोणतीसचा पाढा म्हणत त्या वळल्या, पुन्हा वळल्या, हाताला लागला तो खण ओढला आणि पाकीट आत दडपलं. मग तशाच अंधारात आणखी कितीतरी फिरल्या. दिवा लावला, तेव्हा एकसारख्या पोलादी खणांच्या भिंती त्यांच्याकडे पाहत होत्या. आपल्या हाताने गोळा केलेला तो पूल दुसऱ्यांदा बुडाला, असं त्यांना वाटलं.

"सापडत नाही," त्या बाहेर येऊन म्हणाल्या.

"एकोणतीस वर्षांत असं कधी झालं होतं?" करड्या कोटाने विचारलं.

"नाही."

"मग आजच कसं?"

"वय झालं."

त्याने कोरा कागद पुढे सरकवला. 'माझ्या हलगर्जीपणामुळे' हे शब्द बाईंनी जपून लिहिले आणि खाली सही केली.

"ठीक," तो उठत म्हणाला. "मी वाचनकक्षात बसतो. ज्याला ते हवंय, तो मागायला येईलच की परत."

दोन तास तो एकच वर्तमानपत्र वाचत बसला. दार वाजलं, की बाई मान वर करून बघत. तीनच्या सुमाराला ती आली. केसांत पेन होतं.

"बाई, ते कालचं..."

"ओळखपत्र?"

मुलगी हसली. "अहो, मी आहे!"

"ओळखपत्र दाखवा."

"खोलीवर राहिलंय. पण तुम्ही तर मला ओळखता! मला फक्त ते..."

"मी कुणालाही ओळखत नाही!" वाचनकक्षातल्या माना वळल्या. बाईंना स्वतःचाच आवाज ओळखू येईना. "उठसूट यायचं, गप्पा ठोकायच्या. चावडी आहे का ही? व्हा बाहेर!"

"एवढं काय झालं ओरडायला?" मुलगी एक पाऊल मागे सरली. "मला वाटायचं, इथे एक तरी माणूस आहे."

"चुकीचं वाटायचं. चला, निघा."

ती गेली. दार आपटलं नाही, हलकेच लोटून घेतलं. बाईंना ते जास्त लागलं.

वर्तमानपत्र खाली आलं. "कोण होती?"

"असतात अशा. ऊन लागलं, की पंख्याखाली बसायला येतात."

"मागत काय होती?"

"ओळखपत्राशिवाय मी ऐकूनसुद्धा घेत नाही."

तो दाराकडे बघत राहिला. बाईंनी शेवटी मनातल्या मनात आकडे मोजायला सुरुवात केली. चौदावर वर्तमानपत्र पुन्हा वर गेलं.

त्यांनी टेबलाच्या काचेवरून हात उचलले. दोन्ही तळव्यांचे ओले ठसे तिथे उमटले होते, बोटांसकट. समोर पुढचा वाचक मागणीची चिठ्ठी घेऊन ताटकळला होता. ठसे कडेकडेने आक्रसत विरून जाईपर्यंत बाई थांबल्या. मग त्यांनी हात पुढे केला.

"बोला. कुठला विषय?"