फ्रिज सोवळ्यात घेतला तो दिवस

तर झालं असं, की नवऱ्याच्या श्राद्धाला राजलक्ष्मीबाईंनी फ्रिज सोवळ्यात घेतला.

फ्रिज. सोवळ्यात. होय, तंजावरातल्या या घरात तसंच करतात. ओवळं असेल ते सगळं बाहेर, आतून पुसून लख्ख, मग श्राद्धाचं दही तेवढं आत. कालचं सांबार, इडलीचं पीठ आणि एक प्लास्टिकचा डबा मागच्या पायरीवर उन्हात गेला. डब्यात त्यांच्या सुनेची, वसुमतीची, इंजेक्शनं होती.

ब्राह्मण जेवून तिरुवैयारूच्या बसने परतले, तेव्हा तिचं लक्ष गेलं. पीठ फुगून डब्यावर ओघळलं होतं. डबा हाताला कोमट. कोमट कसला, गरम.

थांबा. हे औषध करतं काय?

एरवी बाईचं महिन्याला एक बीज पिकतं. हे औषध रोज पोटात टोचलं की बरीच पिकतात. मग गुंगी देऊन ती सुईने काढायची, प्रयोगशाळेत नवऱ्याच्या शुक्राणूंशी गाठ घालून द्यायची. गर्भ तयार झाला तर काही दिवस तिथेच वाढवायचा, मग बाईच्या गर्भाशयात ठेवायचा. आणि वाट पाहायची.

वसुमतीने दोनदा पाहिली होती. ही तिसरी खेप, शेवटची, असं तिचं नि नवऱ्याचं, प्रद्युम्नचं, ठरलं होतं. दोन्ही खेपांना डॉक्टर म्हणाल्या, "दोष कुणाचाच नाही." दोन्ही खेपांना घरातल्यांनी तिच्याच पोटाकडे पाहिलं.

पायरीवर बसल्या बसल्या तिच्या मनात आलं, हेच टोचून घ्यावं. काही पिकणार नाही. मग निदान म्हणता येईल की या वेळी मी नव्हे, या वेळी—

"ओवळंच ते, वसू," आतून सासूबाई. "कशाकशापासून करतात, कोण जाणे."

"आत्याबाई, ते थंडच ठेवायचं असतं."

"औषधाला सोवळंओवळं नाही म्हणतेस ना? मग पायरीवर बसून ते बाटलं कसं?"

प्रद्युम्न सोवळ्याच्या धोतरात दाराशी आला. अजून उपाशीच, डोळे ओढलेले. रोज संध्याकाळी तोच टोचायचा.

"काय झालं?"

सांगावं? की गप्प बसावं? तिला आशा करायचाच कंटाळा आला होता.

तिने दवाखान्यात फोन लावला.

"अय्यो अक्का, ते टोचू नका!" नर्स साईप्रिया तमिळमध्ये ओरडली. "नवीन काढून ठेवते. संध्याकाळच्या आत या."

प्रद्युम्नला जेवायला बसवून ती एकटीच मोपेडवर गेली. दवाखान्यातली बाकं बायकांनी भरलेली.

"उन्हात ठेवलं कोणी?" साईप्रियाने सगळ्यांदेखत विचारलं.

"सासूबाईंनी. श्राद्ध होतं, फ्रिज सोवळ्यात घेतला."

बाकावरची एक जण फिसकन हसली. "माझ्या सासूने देवापुढे ठेवलं होतं. कुंकू लावून!"

वसुमतीही हसली, जेमतेम. मग साईप्रियाने पडदा ओढला.

नवं औषध थंडगार होतं. आता नाही जमलं, तर कुणाकडे बोट दाखवायची सोय राहिली नव्हती. खुर्चीत तिने क्षणभर डोळे मिटले. मग साडी सैल केली, पोटावरची कातडी चिमटीत धरली.

"टोच," ती साईप्रियाला म्हणाली.