प्रभूसाठी राखलेली खुर्ची

मी एक खुर्ची. त्यात काय एवढं, म्हणाल. खुर्च्या घरोघरी असतात. पण मी बसायची खुर्ची नव्हतेच मुळी. मी ठेवायची खुर्ची होते. माझ्यावर कुणी बसत नव्हतं आणि बाई गं, त्याचा मला कोण तोरा होता!

कांजूरमार्गला, स्टेशनच्या पूर्वेला राजाराम सुताराचं दुकान होतं. दुकान कसलं, पत्र्याची टपरी. कारखान्यांत मोठाली मशिनं ज्या खोक्यांतून येत, त्या खोक्यांचं लाकूड तो विकत घ्यायचा. माझे पाय त्याच लाकडाचे. पाठ मात्र सागाची, कुणाच्या तरी मोडक्या कपाटातून काढलेली. बैठक वेताची. मला करायला सांगितलं ते शरच्चंद्र आढावांनी. ते एका कंपनीत हेडक्लार्क, आणि आपल्या मराठी मंडळीत डीकन, म्हणजे सेवेची कामं बघणारे. मंडळी म्हणजे त्यांचं चर्च. ती भांडुपला शाळेच्या एका वर्गात दर रविवारी भरायची.

"कोण बसणार हिच्यावर?" राजारामनं विचारलं.

"प्रभू येशू," आढाव म्हणाले.

राजारामनं कानामागची पेन्सिल काढली, डोकं खाजवलं. "म्हणजे मजबूत पाहिजे," तो म्हणाला आणि कामाला लागला. तयार झाल्यावर स्वतः एकदा बसून, मागेपुढे डुलून बघितलं त्यानं. तेवढंच. पुढे कित्येक वर्षं माझ्यावर माणसाचं वजन पडलं नाही.

आढावांचं खरंच मनापासून होतं, हे मी आधीच सांगते. ढोंगी नव्हते ते. प्रभू या घरातला न दिसणारा पाहुणा आहे, हे त्यांनी लहानपणी ऐकलं होतं आणि अगदी शब्दशः धरलं होतं. जेवताना माझ्यासमोर रिकामं ताट मांडायचं, पेलाभर पाणी ठेवायचं, मग आपण जेवायचं. सकाळ-संध्याकाळ माझ्यापुढे गुडघे टेकून, माझ्या दोन्ही हातांवर हात ठेवून प्रार्थना करायचे. त्यांच्या तळव्यांनी माझ्या हातांचं पॉलिश उडालं. मला रोज पुसायचे, तेही स्वतः.

त्यांची बायको पद्मजाबाई. त्या महापालिकेच्या दवाखान्यात सिस्टर. आठ आठ तास उभं राहून घरी यायच्या तेव्हा पाय सुजलेले असायचे. यायच्या आणि भिंतीला टेकून फरशीवर बसायच्या, पाय लांब करून. घरात दुसऱ्या दोन खुर्च्या होत्या, पण त्यांवर नेहमी इस्त्रीचे कपडे. माझ्याकडे बघायच्यासुद्धा नाहीत. त्यांची प्रार्थना पण वेगळी. कुकरची शिट्टी होईपर्यंत करायच्या, शेजारच्या म्हाताऱ्याला इंजेक्शन देताना करायच्या. "प्रभू, ह्याची पाठ दुखतेय, तू बघ. तोवर मी पुसून घेते." असं काहीतरी, पुटपुटत. मला ते फार साधं वाटायचं. माझ्या मानाला शोभेल असं नाही वाटायचं.

आमच्या चाळीत शेजारच्या खोलीत दशरथ आणि त्याची बायको मालन. मालवणकडची माणसं. दशरथ गिरणीत होता. एकदा मशिनीत पाय अडकला तेव्हापासून त्याचा उजवा गुडघा वाकत नव्हता. खाली बसायचं म्हणजे त्याला महाकर्मकठीण. चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणाकडेही गेला तरी लोक आधी स्टूल पुढे करायचे. आढावांकडे तो दारातच चौकटीला टेकून गप्पा मारायचा आणि माझी चेष्टा करायचा.

"काय आढावानु, तुमचो देव अजून इलो नाय?"

"येणार, येणार."

"बघा हां. ट्राफिकात अडाकलो असतलो."

पद्मजाबाई पदर तोंडाला लावून हसायच्या. आढावसुद्धा हसायचे. मी मात्र चिडायचे. पण खरं सांगू? माझ्याशी बोलणारा तो एकटाच होता.

मग गिरण्यांचा संप झाला. संप सुरू झाला तो संपेचना. दशरथ कुठे हमाली कर, कुठे रात्रपाळीची वॉचमनगिरी कर, असं करायला लागला. अशा अधू पायाच्या माणसाला कोण ठेवणार? अंग झडलं. चेष्टा पण कमी झाली. पद्मजाबाई भाजी जास्तीची करायच्या आणि मालनला म्हणायच्या, "अगं, उरलीय, टाकवत नाही." मालनला कळायचं. ती बदल्यात कोकमं आणून द्यायची.

त्र्याऐंशी सालच्या नोव्हेंबरातली गोष्ट. शुक्रवार होता. मंडळीची घरगुती प्रार्थनासभा त्या दिवशी आढावांकडे. दिवेलागणीला सुरू झाली. एवढीशी खोली, माणसं खच्चून. कॉटवर, सतरंजीवर, त्या दोन खुर्च्यांवर, ओट्याला टेकून. पेटी वाजत होती. रिकामी होते ती फक्त मी, मधोमध, ताठ. पद्मजाबाईंची ड्यूटी होती, त्या यायच्या होत्या.

गाणी झाली, आढाव डोळे मिटून प्रार्थना करायला लागले. आणि दशरथ दारात आला.

त्याचा चेहरा मी बघितला. बाकीच्यांचे डोळे मिटलेले. घाम इतका की सदरा अंगाला चिकटलेला. एक हात छातीवर.

"सिस्टर आसत काय घरात?" त्यानं हळूच विचारलं.

आढावांनी डोळे अर्धवट उघडले. "ड्यूटीवर आहे. येईलच आता."

दशरथ आत एक पाऊल आला. भिंत लांब होती, म्हणून त्यानं माझ्या पाठीचा आधार घेतला. त्याचा ओला, गार हात माझ्या पाठीवर पडला. शेजारी नलिनीबाई बसल्या होत्या, भांडुपच्या. त्यांनी मला जरासं ओढलं आणि म्हणाल्या, "भाऊ, इथं बसा ना."

"नलिनीबाई, ती नको," आढाव म्हणाले. रागानं नाही हो. अगदी मऊ आवाजात. "ती प्रभूची आहे. दशरथभाऊ, खाली सतरंजीवर टेका. पाच मिनिटांत आटपतो."

गुडघ्याचं त्यांना ठाऊक होतं. रोज बघत होते. पण त्या घटकेला त्यांच्या डोळ्यांपुढे दशरथ नव्हताच.

"नको, नको," दशरथ म्हणाला. "तुमचा चालू दे." अजून थोडा वेळ उभा राहिला. माझ्या पाठीवर त्याचं वजन वाढत गेलं. मला वाटलं, पडतोय की काय हा. बस की रे बाबा, बस माझ्यावर! पण खुर्चीला तोंड कुठलं? मग हात सुटला. पाय ओढत तो बाहेर गेला. आणि आढावांनी प्रार्थना पुढे चालू केली. "हे प्रभू, आमच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांवर कृपा कर. या संपात जे पोळलेत त्यांच्या गरजा तू जाण." सगळे आमेन म्हणाले.

चहा झाला, मंडळी पांगली. पद्मजाबाई आल्या तेव्हा आढाव कप विसळत होते. तेवढ्यात चाळीच्या मागून, नळाकडून आरडाओरडा झाला. पाणी भरायला गेलेल्या बायकांना दशरथ सापडला होता. नळाच्या कट्ट्यावर बसलेला, डोकं भिंतीला. त्याचा पाय लांब करून बसता येईल एवढी उंची तिथंच होती ना.

पद्मजाबाई पर्ससकट धावल्या. त्याच्या छातीवर दाबून दाबून घामाघूम झाल्या. उपयोग झाला नाही. "थोडा आधी हाती लागला असता तर," एवढंच म्हणाल्या. आढाव मागे उभे होते.

तेव्हापासून मी भारलेली आहे. काहीही म्हणा तुम्ही. माझ्या पाठीवर जिथं तो हात होता ती जागा वाळली नाही. मला उन्हात ठेवलं तरी नाही. आढाव पुसायचे, परत पुसायचे, मग फडकं नाकाशी नेऊन उगाच बघत बसायचे. संध्याकाळी ताटं मांडली की माझी पाठ करकरायची, कुणी तरी उभ्यानं आधार घेतल्यासारखी. वजन यायचं. खरंखुरं वजन, उजवीकडे जास्त, एक पाय न वाकणाऱ्या माणसाचं. आढावांचा घास हातात राहायचा.

"काय झालं हो?" पद्मजाबाई विचारायच्या.

"काही नाही. खुर्ची वाजली."

आणि मालन. दशरथ नळावर कशाला गेला, हे एकच ती रोज कुणाला तरी विचारायची. "माका सांगान गेले, सिस्टरकडे जातंय म्हणान. मगे नळार कित्याक गेले?" भाजीवालीला विचारायची, वाण्याला विचारायची. पद्मजाबाईंना विचारायची, "तुमच्याकडे इलेच नाय?" पद्मजाबाई म्हणायच्या, "नाही गं, मी नव्हतेच." आढाव त्या वेळी वर्तमानपत्र तोंडापुढे धरायचे. पान उलटायचे नाहीत.

नाताळ आला. चांदणी लावली, करंज्या झाल्या. आढाव माझ्यापुढे गुडघे टेकून बसले, हात माझ्या हातांवर ठेवले, आणि "हे प्रभू"च्या पुढे शब्द येईना. उठले. दुसऱ्या दिवशी तेच. मग त्यांनी मला चादर घातली. मग भिंतीकडे तोंड करून ठेवलं. शेवटी माझ्यापुढचं ताट मांडणं बंद झालं. डीकन माणूस, रविवारी दुसऱ्यांसाठी प्रार्थना म्हणायचा आणि घरी मुका.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी, उपासनेहून आल्यावर, मालन दारात आली. चिमूटभर मीठ मागायला आली होती, आणि जाता जाता पुन्हा तेच. "आढावानु, तुमी होतास मां घरात त्या दिसा? तुमका दिसले काय?"

"नाही," आढाव म्हणाले.

ती गेली. आढाव मटकन खाली बसले आणि ढसाढसा रडायला लागले. पद्मजाबाईंना सगळं सांगितलं. ओला सदरा, छातीवरचा हात, "ती प्रभूची आहे", सगळं. पद्मजाबाई ऐकत होत्या. त्यांच्या हातातला डाव तसाच.

"अहो," त्या म्हणाल्या, "रोज बोलावत होतात प्रभूला. एकदा आला, तर उभा ठेवलात."

"पद्मा, असं नको बोलू."

"मग कसं बोलू? गोड बोलू? मी त्याच्या छातीवर दाबत होते आणि तुम्ही मागे गप्प उभे! जा. तिला सांगा."

"तिचा देवमाणसांवरचा विश्वास उडेल."

"तिचं ती बघेल. तुमचा उडालाय तो आधी बघा." मग आवाज खाली आला. "मी येते बरोबर. पण बोलायचं तुम्ही."

आढावांनी माझी चादर काढली. मला उचललं. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मालनच्या दारात मला टेकवलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. आत्ता खोटं बोललो, तेही सांगितलं. मालन तांदूळ निवडत होती. सूप बाजूला ठेवलं. उठली. माझ्याजवळ आली आणि माझ्या पाठीवर हात फिरवला. बरोबर त्याच जागी फिरवला. तिला कुणी दाखवली नव्हती.

"हीच ती?"

"हीच."

मला वाटलं, आता ही मला मोरीत आपटणार. आपटली असती तर बरंच झालं असतं. ती म्हणाली, "बसा हेच्यावर."

"मालनताई, मी..."

"ते उभे होते मां? मगे आता मी उभी ऱ्हवतंय. तुमी बसा. आणि करा तुमची प्रार्थना. माका आयकाची आसा."

आढाव बसले. राजारामनंतरचं पहिलं माणूस. त्यांना गाण्यातले, शास्त्रातले शब्द तोंडपाठ. एकही आठवला नाही. मग म्हणाले, "दशरथभाऊ, मला माफ कर." प्रभूचं नाव घ्यायचं राहूनच गेलं. पद्मजाबाई हळूच "आमेन" म्हणाल्या. मालन म्हणाली नाही. तिनं माफ केलं का, मला ठाऊक नाही. तिनं एवढंच म्हटलं, "ही थंय नळार नेऊन ठेवा. तुमच्या घरात नको, माझ्या घरात नको."

तेव्हापासून मी इथं आहे, नळाच्या कट्ट्याशेजारी. आज एकोणनव्वद साल उजाडलंय. माझा एक हात गेला, वेत फाटून वर प्लायवूड ठोकलंय. माझ्यावर कोण कोण बसतं! हंडा भरेपर्यंत बायका बसतात, दारुडे बसतात, गरोदर पोरी बसतात. पद्मजाबाई ड्यूटीवरून आल्या की आधी इथं टेकतात, आणि मी त्यांचे सुजलेले पाय बघते. एवढी वर्षं त्या फरशीवर बसत होत्या आणि मी त्यांच्यासमोर मिरवत होते. आढाव आता ऑफिस सुटलं की दवाखान्यात जातात. ज्यांचं कुणी नाही त्यांच्या खाटेशी बसतात, शौचाचं भांडं देतात, तोंड पुसतात. प्रार्थना करतात की नाही ते विचारू नका. ओठ हलताना दिसतात म्हणे. मालनचं पाणी सकाळी तेच भरतात. ती त्यांच्याशी फारसं बोलत नाही. पण हंडा दाराबाहेर काढून ठेवते.

आणि तो येतो. रोज, दिवेलागणीला. नळ बंद झालेला असतो, कट्टा ओला असतो. एक ओला, गार हात माझ्या पाठीवर पडतो. मी जीव मुठीत धरून वाट बघते. आता बसेल, आता बसेल. त्याला कुणी अडवणारं नाही आता, कुणी "ती नको" म्हणणारं नाही. पण तो नुसता उभा राहतो. त्याला कुणी तरी बस म्हणायला हवं, आणि माझ्या तोंडाला आवाज नाही.

म्हणून तुम्हाला हात जोडते, उरला आहे त्या एका हातानं. तुमच्या दारात कुणी उभं असेल, तर डोळे उघडा. आधी म्हणा, "बस रे बाबा." प्रार्थना मागून करा.