अंबूबाईचं फुगणं

राजवर्धननं सांगलीत जिम काढली तेव्हा भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं : 'कॅलरी कमी, वजन कमी. बाकी सगळ्या सबबी.' त्याच्या आईला, अंबूबाईला, वाचता येत नव्हतं. सून सोनमनं वाचून दाखवल्यावर ती एवढंच म्हणाली, "मग दिसभर चरनारी गाढवं कशी जाडी हुईत न्हाईत म्हनावं?"

अंबूबाईचा जन्म जतच्या माळावर मेंढरांमागं गेला. गुडघे धरले म्हणून कळप विकून ती लेकाकडं राहायला आली आणि चार महिन्यांत बारा किलोनं फुगली. जिमवाल्याची आई जाडी! राजवर्धनला ते फार लागलं. त्यानं तिचं ताट ताब्यात घेतलं. पीठ काट्यावर, डाळ काट्यावर, तेल चमच्यानं. दीड भाकरी, वाटीभर आमटी, ताक. सगळं मोबाइलमध्ये भरायचं.

"आये, बाराशेच्या आत खाल्लंस तर म्हैन्यात तीन किलो जानार. गनित हाय ह्ये."

"एकाच रानात मेंढरं चरत्यात. एक टरारतं, एक हाडाचं ऱ्हातं. त्येचं गनित सांग."

"मेंढराचं येगळं असतंय."

"व्हय. त्येंच्याकडं मोबाइल न्हाई."

महिन्यानं काट्यावर आणखी दोन किलो वाढले. राजवर्धननं डबे उघडून पाहिले, बिस्किटं मोजली, सोनमला खोदून खोदून विचारलं. आणि एका सकाळी जिममध्ये दहा-बारा माणसांसमोर हसत म्हणाला, "ही माझी आई. चोरून खाते. शरीर खोटं बोलत नाही, माणूस बोलतं."

भूक तिला लागायची, अगदी वखवख सुटायची. पण दातओठ खाऊन तिनं ती दाबली होती. आणि हा तिला चोर म्हणत होता! दात न बघता मेंढी विकत घेणाऱ्या येड्या गिऱ्हाइकाकडं पाहावं तसं तिनं लेकाकडं पाहिलं आणि ती बाहेर पडली.

घरी आरशापुढं उभी राहिली. तोंड वाटोळं, मानेमागं गोळा, पोट पुढं. हातपाय मात्र काटक्या. आजारी मेंढीच्या जबड्याखाली पाणी साठून सूज लोंबते, तेव्हा तिच्या पोटात चारा नसतो, हे तिनं उभा जन्म पाहिलं होतं.

"सोनम, ह्ये खाल्ल्यालं न्हवं. ह्यो रोग हाय. चल दवाखान्यात."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडं नीट पाहिलं आणि विचारलं, "गुडघ्यांसाठी काही घेता का?"

अंबूबाईनं कनवटीची गोळ्यांची पुडी सोडली. गावाकडच्या बाजारातल्या एका औषधवाल्याची होती. सहा महिने रोज एक. दुखणं पळून जायचं.

पुडी आणि रक्त तपासून बाई म्हणाल्या, "यात स्टेरॉइड आहे. यानं भूक खवळते, अंगात पाणी धरतं, चरबी तोंडावर आणि पोटावर चढते. खाण्याचा वजनाशी संबंध असतोच. पण नुसतं ताट मोजून हे कुणाला कळणार? एकदम बंद करू नका, जिवावर बेतेल. हळूहळू कमी करू."

पाच महिन्यांत नऊ किलो उतरले. भाकऱ्या आता दोन होत्या, तरीही. गुडघे मात्र पुन्हा ठणकू लागले.

तेवढ्यात सोनमनं मोबाइल पुढं धरला. पुडीचं सगळं ठाऊक असूनही राजवर्धननं आईचे दोन फोटो टाकले होते, आधीचा आणि आताचा. खाली लिहिलं होतं : 'बाराशे कॅलरींची कमाल.'

अंबूबाई लंगडत माणसांनी भरलेल्या जिममध्ये गेली.

"राजा, काय बंद केल्यावर उतरलं ते सांग ह्येंला."

"आये, घरी बोलू."

"चोर म्हनलास ते हितंच म्हनलास की."

तो बुटाची नाडी बांधत बसला. मग तिनंच पुडीचं सगळं सांगितलं. कोपऱ्यातल्या एका बाईनं व्यायाम थांबवला. तीही सांधेदुखीवर तसलीच गोळी घेत होती. अंबूबाईनं तिला दवाखान्याचा पत्ता सांगितला.

राजवर्धननं फोटो काढून टाकले. माफी काही मागितली नाही, वर सोनमला म्हणाला, "पन तत्त्व बरोबरच हाय माझं." ते ऐकून अंबूबाईला राग आला नाही. एवढं अंग कमावलं पोरानं, आणि आत सगळी पोकळी, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती जतला बहिणीकडं निघाली. त्यानं गाडी काढली. ती त्याच्याकडं न बघता दुखऱ्या गुडघ्यांनी चालत एसटी स्टँडवर गेली.