बाबांच्या तोंडाचं माप

आमच्या दंतवैद्यकाच्या कॉलेजात पाचव्या वर्षी प्रत्येकाला एक बिनदाताचा माणूस शोधावा लागतो. त्याला वरची-खालची पूर्ण कवळी स्वतः करून द्यायची आणि वार्षिक परीक्षेच्या दिवशी तोच माणूस, तीच कवळी घालून परीक्षकांपुढे बसवायचा. ऐन वेळी माणूस आला नाही तर वर्ष बुडालं. त्यामुळे वसंत ऋतू आला की आमच्या अंदीजान शहरात म्हातार्‍यांचा भाव वधारतो. माझी मैत्रीण शोइरा तिच्या पेशंटला रोज फोन करून झोप कशी लागली ते विचारायची. स्वतःच्या आजोबांना तिनं जन्मात एवढं विचारलं नसेल.

मला कुणाच्या मिनत्या कराव्या लागल्या नाहीत. तोंडाचं बोळकं झालेला माणूस माझ्या घरातच होता आणि तो कुठे पळून जाणार नव्हता.

माझे बाबा, कोबिल उस्ताद, सुरनाय, म्हणजे आमच्याकडची सनई, वाजवायचे. चाळीस वर्षं आमच्या भागातलं एकही लग्न त्यांच्याशिवाय झालं नाही. नवरदेवाची गाडी गल्लीत वळली की लांबलचक पितळी कर्णे, करनाय, घुमायचे आणि त्यांच्या वरून बाबांची सुरनाय चढत जायची. मग दात हलायला लागले, एकेक करून गेले, ओठ आत वळले आणि हवा कोपर्‍यातून निसटायला लागली. दोन वर्षांपूर्वी एका लग्नात सूर मध्येच फाटला. बाबांनी सुरनाय कापडात गुंडाळली आणि तेव्हापासून कुणाचंही बोलावणं आलं की ते सांगायचे, अंगात कणकण आहे. दोन वर्षं एकाच माणसाला कणकण. गल्लीत सगळ्यांना खरं कारण माहीत होतं, आणि सगळे तब्येतीची काळजी घ्या म्हणून परत जायचे.

मला वर्गात पहिला नंबर हवा होता, हे खोटं नाही. पण त्याहून जास्त मला बाबांची कणकण घालवायची होती.

आमच्याकडे मुलगी बापाशी खाली मान घालून बोलते. तोंड उघडा, जीभ मागे घ्या, हलू नका, असलं बापाला सांगायची सवय कुठून असणार? पहिल्या दिवशी मी त्यांच्या तोंडात बोट घातलं तेव्हा आम्ही दोघांनीही डोळे मिटले. त्यांनी एकट्यांनी मिटले असते तर एक वेळ चाललं असतं.

"गुलचेहरा," आमच्या एर्गाशेवा मॅडम मागून म्हणाल्या, "चाचपून कवळी करणारेस का?"

वर्गात हशा पिकला. बाबाही हसले, अर्थात तोंडावर हात धरून. दात गेल्यापासून ते तसेच हसायचे.

पाच खेपांमध्ये मी पुस्तकातलं सगळं केलं. मापाचा लगदा तोंडात असताना त्यांना ओठ पुढे काढायला लावले, हसायला लावलं, गाल ओढून पाहिले, घोट गिळायला लावला. कवळी तयार झाली तेव्हा मॅडमनी दोन बोटांनी खाली ओढून पाहिली. ती हलली नाही.

"परीक्षक डोळे झाकून पाच देतील," त्या म्हणाल्या. आमच्याकडे पाचाच्या वर गुण नसतात.

बाबांनी आरशात बराच वेळ पाहिलं. "बँकेतला साहेब दिसतोय. तुझी आई ओळखायची नाही."

"घट्ट बसलीय ना? बोचत नाही ना कुठे?"

"अजिबात नाही. छान आहे."

घरी त्यांनी सफरचंद कराकरा खाऊन दाखवलं, दाणे खाल्ले, शेजार्‍यांना बोलावून दाखवत खाल्ले. मी वाट पाहत होते ती वेगळ्याच आवाजाची. आठवडा झाला तरी सुरनाय कापडातच.

"वाजवून पाहिलंत?" मी विचारलं.

"बघू. घाई काय आहे?"

तोंडात तीळ न भिजणारी आई त्या दिवसांत गप्प गप्प असायची, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. शेवटी रविवारी दुपारी पीठ मळता मळता ती म्हणाली, "मी काही सांगितलं नाही हं. पण तुझ्या बापाला एकदा मागच्या गोठ्यात जाऊन बघ."

गोठ्याचं दार अर्धं उघडं होतं. बाबा पालथ्या बादलीवर बसले होते. त्यांनी सुरनायच्या टोकाची फुंकायची पत्ती तोंडात घेतली, नाकानं श्वास भरला, गाल फुगवले आणि वरची कवळी खट्‌कन खाली आली. त्यांनी ती तळहातावर झेलली, पुसली, परत बसवली. परत गाल फुगवले. परत खट्‌. पाच वेळा मी मोजलं. मग त्यांनी कवळी खिशात घातली आणि सुरनाय नुसती मांडीवर घेऊन बसले. गाय त्यांच्याकडे बघत होती.

"कधीपासून चाललंय हे?" मी दारातूनच विचारलं.

ते दचकले. कवळी नसल्यानं बोबडं बोलले. "पहिल्या दिवसापासून."

"आणि छान आहे म्हणालात."

"छानच आहे की. सफरचंद खातो."

"बाबा."

"अगं, परीक्षेत मला कोण गाल फुगवायला सांगणार आहे? तुझे पाच येऊ देत. माझं काय, मी आता..." ते थांबले. "मला कणकण असतेच."

मला भयंकर राग आला. मी दाणदाण पाय आपटत आईपाशी आले, तिच्या हातातलं पीठ ओढून घेतलं आणि मळायला लागले. थोड्या वेळानं आईनं माझ्या हातातून परात काढून घेतली, कारण पिठात माझी आसवं पडत होती.

बाबांची कवळी चांगलीच होती, पण ती दुसर्‍याच कुणाची तरी होती. घोट गिळणार्‍या, बेतानं हसणार्‍या माणसाची. सुरनाय वाजवणारा श्वास घ्यायला थांबत नाही. नाकानं हवा आत घेताना गालातली हवा बाहेर सोडत राहतो, तासन्‌तास. त्या गालांनी कवळीच्या कडा ढकलल्या की ती पडणारच. चाळीस वर्षं फुगलेल्या त्या गालांचं माप मी घेतलंच नव्हतं. लहानपणी त्याच गालांवर बोट दाबून मी त्यांचा सूर बिघडवायची आणि मार खायची. मला नाही तर कुणाला सुचायला हवं होतं?

दुसर्‍या दिवशी मॅडमना सांगितलं: कडा घासायच्या आणि बाबा सुरनाय वाजवत असताना माप परत घ्यायचं. त्यांनी चष्मा काढला.

"नऊ दिवस राहिलेत. बसलेली कवळी घासणार तू? बिघडली तर नवी करायला वेळ नाही. वर्ष जाईल."

"जाऊ दे."

"बाबांना विचारलंस?"

"नाही. ते नको म्हणतील."

मॅडमनी चष्मा परत लावला. मग म्हणाल्या, "दार लावून घे म्हणजे झालं. शेजारी शस्त्रक्रियेचा विभाग आहे."

बाबांना मी सुरनाय घेऊन या एवढंच सांगितलं होतं. खुर्चीत बसल्यावर त्यांना समजलं, आणि तोवर मी कवळीच्या कडा घासून आत लगदा भरला होता.

"इथे?" बाबांचा चेहरा उतरला. "बाहेर लोक दातदुखीनं कळवळतायत आणि मी लग्नाचं वाजवू?"

"वाजवा. लगदा घट्ट होईपर्यंत थांबायचं नाही."

"पोरी, तुझं वर्ष..."

"तोंड उघडा," मी म्हणाले. मान वर करून, त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाले. त्यांनी उघडलं.

असला भिकार आवाज बाबांच्या सुरनायमधून कधी निघाला नसेल. लगद्यातून, लाळेतून हवा फुरफुरत होती, पत्ती किंचाळत होती. पण गाल फुगत होते, ओसरत होते, पुन्हा फुगत होते. दार लावलेलं असूनही कॉरिडॉरमधली माणसं काचेला नाक लावून उभी राहिली. सुजलेल्या गालाला फडकं बांधलेली एक आजीबाई दार ढकलून आत आली आणि लग्न कुणाचं आहे म्हणून विचारायला लागली.

"माझंच," शोइरा म्हणाली, "बसा, पुलाव येतोय."

बाबांना हसू आलं. मी ओरडले, "हसू नका, माप बिघडेल." मग ते डोळे मिटून वाजवत राहिले.

पुढचे दात मी किंचित आत घेतले, म्हणजे पत्तीला जागा राहील. त्यानं चेहरा पूर्वीपेक्षा थोडा म्हातारा दिसायला लागला. कवळी परीक्षेच्या आदल्या दिवशी पक्की होऊन आली. मी म्हटलं, वाजवून बघा. बाबांनी साफ नकार दिला.

"आधी परीक्षा. आता पडली तर तू परत घासायला बसशील. मी ओळखत नाही का तुला?"

परीक्षक ताश्कंदहून आले होते. त्यांनी कवळी आतून-बाहेरून निरखली, कडांवरून बोट फिरवलं. "बाजू आखूड आहेत. पुढचे दात मागे गेलेत. असं का?"

मी कारण सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान डोलावली आणि वहीत चार लिहिले. पाच वर्षांत माझे ते पहिले चार. मला वाईट वाटलं, आणि ते वाटतंय ना वाटतंय तोच मी बाबांचा दंड धरून त्यांना कॉलेजच्या अंगणात घेऊन गेले होते.

तुतीच्या झाडाखाली बाबांनी कापड सोडलं. पत्ती ओलावली. त्यांनी नाकानं श्वास घेतला, गाल भरले आणि वाजवायला लागले.

मी त्यांच्या वरच्या ओठावरून नजर हलवली नाही. डावी कडा, उजवी कडा. आता सुटेल, आता खट्‌ वाजेल. गाल पूर्ण फुगले, कवळी जागची हलली नाही. ओसरले, नाही हलली. परत फुगले. खिडक्या उघडल्या, कुणीतरी टाळ्या वाजवल्या, माझं लक्ष नव्हतं. माझी नजर त्यांच्या ओठाला चिकटली होती.

बाबा थांबले. कपाळावरचा घाम पुसला. माझ्याकडे बघून हसले, आणि या वेळी हात तोंडाकडे गेला नाही.

"कसं झालं?" त्यांनी विचारलं.

"पडली नाही," मी म्हणाले.

"ते मला कळलं. वाजवलं कसं?"

दोन वर्षं ज्याची वाट पाहिली, त्यातला एकही सूर माझ्या कानात शिरला नव्हता. मला ओशाळल्यासारखं झालं.

"बाबा, मी ऐकलंच नाही. मी नुसती कवळीकडे बघत होते."

बाबांनी मला खांद्याला धरून गर्रकन फिरवलं, माझी पाठ त्यांच्याकडे आणि तोंड भिंतीकडे. "आता बघू नकोस," ते म्हणाले, आणि त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली.