छातीशी धरलेलं घड्याळ

मित्रांनो, राज्यं उलथली, समुद्र मागे हटले, पर्वतांची माती झाली, पण काळ कुणापुढे झुकला नाही. त्या काळाला मनगटावर बांधून हिंडवण्याची ताकद या पृथ्वीतलावर फक्त आम्हा उंची स्विस घड्याळांपाशी आहे. मी एक जुनं, सोनेरी, पोटात एकवीस माणकं असलेलं स्विस घड्याळ आहे. सध्या बंद आहे. कांदिवलीला, पोयसरच्या एका चाळीत, पत्र्याच्या कपाटात लुगड्यांच्या घडीखाली राहतो.

माझा जन्म बर्फाच्या डोंगराखाली झाला, असं माझ्या सोबतच्या कागदावर छापलं होतं. मला एवढंच आठवतं, की डोळ्याला भिंग लावलेला एक म्हातारा माझ्या पोटात काहीतरी खुडबुडत होता आणि मधूनमधून उसासे टाकत होता. त्याच कागदावर माझा स्वभावही तीन भाषांत लिहिला होता. मला चावी द्यायची गरज नाही. माणूस चालतो, हात हलवतो, कामं करतो. तेवढ्यावर माझ्या पोटातलं एक अर्धगोल वजन फिरतं आणि मी चालतो. माणूस स्वस्थ बसला, तर थोड्या वेळाने मीही स्वस्थ बसतो. कागदावर मराठी नव्हती. तो कागद पुढे गणपतीच्या फोटोमागे गेला.

मस्कतच्या एका दुकानात मला लवू परबने पाहिलं. तो तिथे क्रेन चालवायचा. वर्षभर रात्रीचं जेवण अर्धं करून त्याने मला घेतलं, आणि त्र्याऐंशी सालच्या गणपतीत घरी आल्यावर थोरल्या भावापुढे ठेवलं.

"दादा, ह्यां तुका."

थोरला भाऊ गुणाजी. गिरणीच्या टाइम ऑफिसात वीस वर्षं लोकांची हजेरी लिहिणारा. संपानंतर गिरणीचं फाटक उघडलंच नव्हतं. त्याने मला तळहातावर घेतलं, उलटंसुलटं केलं.

"माका कित्याक रे? भोंगो बंद झालो. आता वेळ बघून करू काय?"

"असांदे. हातात असलां म्हणजे माणूस बरो दिसता."

गुणाजीने मला मनगटावर बांधून पाहिलं. दिसण्यापुरतं तरी काही हातात असावं, हे त्यालाही पटलं असावं.

मित्रांनो, त्या घरात माझं जे कौतुक झालं ते एखाद्या जावयाचंही झालं नसेल. दमट हवा लागू नये म्हणून मला तांदळाच्या डब्यात ठेवत. खंडेनवमीला पाटावर मांडून मला हळदकुंकू वाहिलं. शेजारी गिरणीचा पितळी बिल्ला होता. आम्हा दोघांनाही काम नव्हतं. चाळीतला कोणी मुलगी बघायला निघाला, की मला मागून न्यायचा. ही मंडळी मला दाखवण्यासाठी इतके हातवारे करत, की मी दोन दिवस धडधडत असे. परत आलो की पुन्हा तांदळात.

गुणाजी स्वतः मला क्वचितच बांधायचा, आणि बांधलं की डावा हात वाकवून छातीशी धरायचा. कुठे घासायला नको, धक्का लागायला नको. बघणाऱ्याला वाटे, हात मोडला आहे. त्याची बायको रत्नप्रभा म्हणायची, "झोळी बांधून देऊ का? निदान लोक बसायला जागा तरी देतील."

पुढच्या वर्षी शेजारच्या दत्तारामने बातमी आणली. तो बोरीवलीला एका औषधांच्या कारखान्यात फिटर होता. तिथे टाइमकीपरची जागा निघाली होती. फाटकाशी बसून कोण किती वाजता आला ते लिहायचं. गुणाजीचंच काम. अडीच वर्षं घर रत्नप्रभाच्या खाणावळीच्या पोळ्यांवर चाललं होतं, आणि सेहेचाळिसाव्या वर्षी अशी जागा पुन्हा निघणार नव्हती.

"साहेब साडेनऊला बसतो," दत्ताराम म्हणाला. "एक मिनिट इकडे नाही, तिकडे नाही. पण लवकर येऊन फाटकावर ताटकळू नको हां. गरजू माणूस दिसला की साहेब चार प्रश्न जास्त विचारतो. आणि ते घड्याळ घाल रे. टाइमकीपरला शोभेल."

त्या सकाळी मला डब्यातून काढलं. आठवडाभर मी निपचित होतो. गुणाजीने रेडिओच्या सातच्या बातम्यांना माझे काटे लावले, मला फुंकर मारली, बांधलं आणि हात छातीशी घेतला. बसमध्येही तो तसाच एका हाताने दांडा धरून उभा राहिला. साडेआठलाच तो कारखान्यासमोर पोचला आणि चहाच्या टपरीवर बाकड्यावर बसला. ऊन लागू नये म्हणून माझ्यावर रुमाल टाकला. नऊ वीसला उठायचं, असं त्याने ठरवलं होतं.

मित्रांनो, मला तेव्हा हाक मारता आली असती तर मी मारली असती. हात हलव, एवढंच सांगायचं होतं. माश्या हाकलल्या असत्यास तरी चाललं असतं. पण माश्या तो उजव्या हाताने हाकलत होता. आठ पन्नासला माझा श्वास संपला.

गुणाजीने रुमाल उचलून पाहिलं. आठ पन्नास. त्याने चहा घेतला. पुन्हा पाहिलं. आठ पन्नास. तुम्ही म्हणाल, माणसाला कळू नये का? पण अडीच वर्षं त्याचा वेळ असाच जात होता, न सरकता. त्याला त्यात नवल वाटलं नाही.

एका माणसाने विचारलं, "साहेब, किती वाजले?"

गुणाजीने रुमाल अदबीने उचलला. "आठ पन्नास."

बऱ्याच वेळाने एका भाजीवाल्या बाईने विचारलं. पुन्हा रुमाल, पुन्हा आठ पन्नास. बाईने उन्हाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पाटी उचलून चालती झाली.

मग कारखान्याची घंटा झाली आणि कामगार चहाला बाहेर आले. त्यांत दत्ताराम होता.

"गुणाजी? तू इथे काय करतोस?"

"थांबलोय. अजून अर्धा तास आहे."

"अरे दहा वाजले. साहेबाने नऊ चाळीसपर्यंत वाट बघितली. दुसऱ्याला घेतलं पण."

दोघे आत गेले. साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने गुणाजीकडे पाहिलं, छातीशी धरलेल्या हाताकडे पाहिलं आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "टाइमकीपरसाठी आला होतात ना?" एवढंच म्हणाला आणि कागदांत मान घातली.

बाहेर आल्यावर दत्तारामने मला सोडवून घेतलं आणि औषधाच्या बाटलीसारखं गदागदा हलवलं. माझं वजन फिरलं, काटा निघाला. मला नको असतानाही निघाला.

"चालतंय की रे."

गुणाजी माझ्याकडे बघत राहिला. "तुझ्या हातात चालतं. माझ्या हाताला धारजिणं नाही, एवढंच."

घरी त्याने सांगितलं, साहेब रजेवर होता. दोन दिवसांनी नळावर दत्तारामच्या बायकोने, सुगंधाने, रत्नप्रभाला खरं सांगितलं. रत्नप्रभा पोळ्या लाटतालाटता म्हणाली, "लवूभावजींना लिहा, पुढच्या खेपेला एक भोंगाच पाठवा म्हणावं."

"त्याला यातलं काही लिहायचं नाही," गुणाजी म्हणाला. "अर्धपोटी राहून घेतलंय त्याने."

तिने लाटणं थांबवलं, मग पुन्हा लाटू लागली. मी तांदळात नाही, लुगड्यांखाली गेलो.

पुढे गुणाजी मालाडला एका बिल्डिंगवर वॉचमन झाला. वॉचमनच्या हातात सोन्याचं घड्याळ दिसलं तर लोक आधी वॉचमनलाच धरतील, म्हणून त्याने फुटपाथवरून एक प्लास्टिकचं घेतलं. काटे नाहीत, नुसते आकडे. हात हलवा, नका हलवू, त्याला सोयरसुतक नाही. गुणाजी तेसुद्धा छातीशीच धरतो. सवय.

सत्त्याऐंशीला लवू रजेवर आला. त्या दिवशी मला काढलं, पुसलं, बांधलं.

"दादा, घड्याळ कसां चलता?"

"सेकंदाचो फरक नाय," गुणाजी म्हणाला आणि बाही खाली ओढली. मी तेव्हा बंद होतो. लवूने जेवताना भाताचा आणखी एक घास घेतला आणि समाधानाने मान हलवली.

मित्रांनो, वस्तू जपून ठेवा, असं तुम्हाला शाळेत शिकवतात. मला जितकं जपलं तितकं कुणाला जपलं नसेल, आणि त्या जपण्यानेच एका भल्या माणसाचा घास गेला. दोष त्याचा नव्हता. माझा होता का, याचा मी फार विचार केला आहे. मला दुसरं काम नसतं. तुम्ही मोठे व्हाल, उंची वस्तू घ्याल, तेव्हा त्या वापरा. ओरखडे पडू द्या. आणि कुणाला एखादी मौल्यवान वस्तू दिलीत, तर ती कशी चालते हे त्याच्या भाषेत त्याला सांगा.

माझं म्हणाल तर मला आता पुन्हा चालायची इच्छा नाही. मात्र ते प्लास्टिकचं संध्याकाळी घरी आलं, की माझ्याच कपाटाच्या खिळ्याला टांगतात, आणि ते दर तासाला 'टीं टीं' करतं. बरोबर वेळेवर करतं. डावीकडचं खालचं बटण दाबून धरलं की तो आवाज बंद होतो म्हणे. कुणी त्या बाजूला आलात, तर तेवढं जरा दाबाल का?