मी सरळ केलेल्या इमारती

मित्रांनो, मी एक जुनी लेन्स आहे. पण कॅमेऱ्याच्या तोंडावर गप्प बसून राहणारी नव्हे. माझ्या अंगाला दोन चाव्या आहेत. एक फिरवली की मी वरखाली सरकते, दुसरी फिरवली की मान तिरकी करते. मला टिल्ट-शिफ्ट म्हणतात. नाव अवघड आहे, पण ते मी ठेवलेलं नाही.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. पांढरा कोट घातलेल्या एका बाईंनी माझ्या काचा एकेक करून पुसल्या आणि बसवल्या. पुढे माझे तीन मालक झाले. तिघांनाही माझा उपयोग कळला नाही, म्हणून शेवटी उल्हासनगरच्या एका दुकानात काउंटरखाली येऊन पडले. दुकानदार सिंधी शेठ होते, माणूस प्रामाणिक. गिऱ्हाइकाला आधीच सांगायचे, "साईं, ये लेन्स टेढ़ी है. चलती है, पर टेढ़ी है." गिऱ्हाईक पळून जायचं.

पळाला नाही तो महेंद्र. उल्हासनगरच्याच कॅम्प चार वस्तीत राहणारा, लग्नांचे फोटो काढून कंटाळलेला. त्याने मला डोळ्याला लावलं, चावी फिरवून पाहिली आणि म्हणाला, "शेठ, हीच पाहिजे."

उंच इमारतीचा फोटो काढताना तुम्ही काय करता? कॅमेरा वर करता. मग इमारत पाठीमागे कलंडल्यासारखी दिसते. मी असले की कॅमेरा वर करायचा नाही. तो सपाट ठेवायचा. मी एकटी वर सरकते आणि शेंडा बघते. भिंती भिंतींसारख्या उभ्या राहतात.

झालं! अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत टॉवर उठत होते आणि बिल्डरांना फोटो हवे होते. महेंद्र मला घेऊन रोज नव्या इमारतीसमोर उभा राहायचा. इमारतीची कड चौकटीच्या कडेला लावायचा, "बसली" म्हणायचा आणि बटण दाबायचा. शेजारची झोपडी, गटार, कचरा, सगळं कापून टाकायचा. बिल्डर म्हणायचे, "काय बात आहे! एकदम टकाटक." मी पण फुगले. खोटं कशाला बोलू?

एकदा त्याने बारवी धरणाकडच्या डोंगरावरून खालच्या पाड्याचा फोटो काढला. माझी मान तिरकी केली की मधली पट्टी स्पष्ट राहते आणि बाकीचं धूसर होतं. खरी घरं खेळण्यातली वाटू लागतात. बिल्डरने तो फोटो जाहिरातीत छापला. पाड्यावरच्या नवसी नावाच्या बाईने तो कागद उलटसुलट करून पाहिला.

"आमी येवरी बारकी हाव का रं?" तिने विचारलं. "उचलून बाजूला ठेवाया बरी!"

महेंद्र हसला. मला हसू आलं नाही. तेव्हापासून मला एका गोष्टीचं कुतूहल लागून राहिलं. मी दाखवते ते खरं असतं की दाखवणाऱ्याच्या सोयीचं? विचारणार कोणाला? लेन्सला डोळा असतो, तोंड नसतं.

उत्तर मिळालं ते महेंद्रच्या आत्यामुळे. गंगू आत्या कॅम्प चारमध्येच एका चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायची. सोळा बिऱ्हाडांची इमारत. यंदा आत्याचं दार चौकटीत अडकू लागलं. जमिनीवर लिंबू ठेवलं की ते आपणहून भिंतीकडे चालू लागायचं. आत्याने मोबाइलवर इमारतीचे फोटो काढले आणि महापालिकेच्या कार्यालयात नेले. साहेब खुर्चीतून न उठता म्हणाले, "मावशी, मोबाइलमध्ये सगळ्याच बिल्डिंगी वाकड्या दिसतात. ताजमहालपण."

आत्या तणतणत महेंद्रकडे आली.

"तुझी ती महागाची काच आण. बिल्डरांच्या बिल्डिंगी सरळ करतोस ना? माझी वाकडी करून दाखव."

"आत्या, ती वाकडं-सरळ काही करत नाही. आहे ते दाखवते."

"मग दाखव की, मेल्या!"

आत्याच्या इमारतीला लागून दुसरी इमारत होती. मधली गल्ली खाली अरुंद आणि वर रुंद दिसत होती. म्हणजे दोघींपैकी कोणीतरी कललं होतं. पण कोण? मी उत्सुकतेने वर सरकले. महेंद्रने कॅमेरा तीन पायांच्या स्टँडवर लावला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने त्याच्या हाताने तेच केलं. आत्याच्या इमारतीची कड चौकटीच्या कडेला लावली, त्यासाठी कॅमेरा जरासा कलता केला. "बसली," तो म्हणाला.

फोटोत शेजारची इमारत तिरकी आली होती. महेंद्रने तिच्याकडे पाहिलंच नाही. शेजारचं बघायची सवयच कुठे होती?

साहेबांना तो फोटो फार आवडला. "बघा मावशी, तुमची काठीसारखी सरळ आहे. शेजारचीच गेलीय." आणि मित्रांनो, चार दिवसांत धोकादायक इमारतीची नोटीस चिकटली, ती शेजारच्या इमारतीवर! जागेवर येऊन बघायचे कष्ट कोणी घेतले नाहीत.

शेजारच्या इमारतीतले हिंदुराव सकाळी सकाळी महेंद्रच्या दारात, पाठोपाठ आत्या. "ए फोटोग्राफर! आमच्या बिल्डिंगीने तुझं काय खाल्लं होतं रे?"

महेंद्रने फोटो उघडला, मोठा केला आणि दोन्ही इमारतींच्या कडा ताडून पाहिल्या. "आत्या, मीच सरळ केली गं. हाताच्या सवयीने."

"सोळा घरं झोपतात तिच्यात," आत्या म्हणाली. "तुझ्या सवयीला आग लागो!"

मी कोणाच्या बाजूने बोलत नाही. महेंद्रची चूक सवयीची होती. साहेबांची खुर्चीची होती. माणसं मेली असती तर दोन्ही सारख्याच.

आत्या शिवराम गवंड्याला घेऊन आली. जांभूळ गावचा म्हातारा, आयुष्यभर भिंती बांधलेला. त्याच्या पिशवीत ओळंबा होता, म्हणजे दोरीला बांधलेलं लोखंडी वजन.

"जय भीम, काका," महेंद्र म्हणाला. "याची गरज नाही, कॅमेऱ्यात लेव्हल आहे."

"होती ना? मग मागल्या खेपेला काय झोपली होती?"

शिवरामने गच्चीच्या कोपऱ्यावरून पांढरी दोरी सोडली. वाऱ्याने ओळंबा झुलत होता, म्हणून खाली पाण्याची बादली ठेवून तो पाण्यात बुडवला. हळूहळू झुलणं थांबलं. वर दोरी कोपऱ्याला चिकटलेली होती. खाली ती कोपऱ्यापासून वीतभर लांब होती.

महेंद्रचा हात पुन्हा इमारतीच्या कडेकडे निघाला. शिवरामने खांद्यावर थाप मारली. "बिल्डिंगीकडं बघू नको. दोरीकडं बघ."

महेंद्रने चौकट दोरीला लावली. मी वर सरकले, अगदी चावी अडेपर्यंत. आणि मला दिसलं! शेजारची इमारत दोरीसारखी ताठ उभी होती. आत्याची कलली होती. इतकी वर्षं मी चौकटीच्या कडेलाच सरळ समजत होते, आणि ती कड तर ज्याच्या हातात कॅमेरा त्याच्या मर्जीची. ही दोरी कोणाच्या मर्जीची नव्हती.

नवा फोटो बघून साहेब म्हणाले, "दोरी वाऱ्याने हलली असेल."

आत्याने सोबत आणलेली भरलेली बादली त्यांच्या टेबलावर ठेवली. दोरीचं टोक त्यांच्या हातात दिलं. "घ्या. यात वजन बुडवा आणि फुंकर मारून हलवून दाखवा." मागे दोन्ही इमारतींची माणसं उभी होती, सगळ्यात पुढे हिंदुराव. साहेब खुर्चीतून उठले.

त्याच दिवशी इंजिनिअर आला. शेजारची नोटीस खरवडून काढली. दोन दिवसांत सोळा बिऱ्हाडं बाहेर पडली. आत्या महेंद्रकडे राहायला गेली, तोंडाने शिव्या चालूच. अकराव्या दिवशी भरदुपारी तिसऱ्या मजल्याची जमीन दुसऱ्यावर आली. आत्याची खाट, चूल, भिंतीवरचं घड्याळ, सगळं गेलं. माणूस एकही नाही.

आता बिल्डर बोलवत नाहीत. लोक बोलवतात. दर रविवारी मी, महेंद्र आणि शिवराम निघतो. पण मी म्हातारी झाले आहे. बदलापूरच्या पावसाळ्यातली ओल भोवली आणि माझ्या काचेच्या काठाला बुरशी धरली. साध्या लेन्सचं यात फार बिघडत नाही, ती काचेच्या मधल्या भागातूनच बघते. मी वर सरकते तेव्हा काठानेच बघते.

म्हणून मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी महेंद्रला भेटलं तर त्याला सांगा, हिला घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेव. शर्टाच्या टोकाने पुसू नको. जाणत्याकडून बुरशी काढून घे, आणि याच आठवड्यात घे. येत्या रविवारी आम्हाला एका जुन्या इमारतीसमोर उभं राहायचं आहे. वीस बिऱ्हाडं आहेत. चौथ्या मजल्यावरचं दार लागत नाही म्हणतात. मला तो मजला नीट दिसला पाहिजे.