अर्धा सूर खाली

तिसऱ्या अंकातला तो वरचा सूर आजही इतका अलगद लागला, की बाईंना आनंदाआधी संशय आला. बावन्नाव्या वर्षी गळा असा लाडात येत नसतो.

ऑपेरा कंपनी त्यांची, नायिकाही त्याच. पहिला प्रयोग तीन दिवसांवर. गाता गाता त्या पियानोपाशी सरकल्या आणि वाकून पाहिलं. वाजवत होती ताई, त्यांची सख्खी थोरली बहीण. पांढऱ्या पट्टीवर असायला हवा होता तो तिचा अंगठा काळ्या पट्टीवर होता.

"ताई, अर्धा सूर खाली वाजवतेयस?"

"चष्म्याचा नंबर वाढलाय माझा."

"थापा नकोत. कधीपासून?"

ताईने उगाच पदर सारखा केला. "मागच्या बुधवारपासून. वादकांचे स्वरलिपीचे कागदही बदलून घेतलेत. अगं, कोणाला कळणारे? तुझ्या गळ्याचे हाल बघवेनात."

"मला कळलं ना."

गेल्याच वर्षी याच खोलीत एक गायक 'अर्धाच सूर उतरवा' म्हणून हातापाया पडत होता. बाईंनी त्याची भूमिका काढून घेतली होती. लिहिलंय तसं गा, नाहीतर दुसऱ्याला गाऊ दे, हा नियम त्यांचाच.

"मूळ सुरात वाजव."

पहिल्यांदा आवाज फाटला. दुसऱ्यांदा सूर लागला आणि लगेच घसरला. तिसऱ्यांदा ताईनेच हात उचलले.

"बास! गळा फाडून घेशील."

बाई खुर्चीत बसल्या. पाणी प्यायल्या. मग उठून दार उघडलं आणि नायिकेच्या आईचं काम करणाऱ्या मुलीला हाक मारली. अठ्ठावीस वर्षांची ती पोर रोज केसांना पांढरा रंग फासून म्हातारी होत होती.

"उद्यापासून केस धू. नायिका तू, आई मी."

"बाई! तीन दिवसांत?"

"पडद्याआड उभी राहून माझं अख्खं काम पाठ केलंयस. मला काय दिसत नाही?"

ताईचे डोळे भरून आले होते. "अगं, एवढा प्रयोग तरी..."

"रडणं नंतर. आधी वाजव."

मुलगी मूळ सुरात गायली. वरचा सूर लागला, स्वच्छ, आणि टिकला.  बाई खिडकीपर्यंत जाऊन परत आल्या.

"छान. पण श्वास उशिरा घेतलास. पुन्हा."